शेवटचे गाणे आणि पार्किंग यांच्यामध्ये: मँचेस्टर अरिनाच्या हल्ल्याचा बडोद्याच्या आयोजकांसाठी अभ्यास

२२ मे २०१७ च्या रात्री १० वाजून ३१ मिनिटांनी इंग्लंडमधल्या मँचेस्टर अरिना या मोठ्या सभागृहाच्या बाहेरच्या दालनात आत्मघाती स्फोट झाला. गायिका आरियाना ग्रांडेचा कार्यक्रम नुकताच संपला होता आणि सुमारे १४ हजार प्रेक्षक बाहेर पडू लागले होते. २२ जण ठार झाले, शेकडो जखमी झाले. सर्वांत लहान बळी ८ वर्षांची मुलगी होती. मुलांना घरी न्यायला आलेले आईबापही मृतांमध्ये होते. त्यांनी तिकीट काढले नव्हते, ते फक्त दाराबाहेर वाट बघत उभे होते.

हल्लेखोरही आत शिरला नव्हता. आत जायचा त्याचा बेतच नव्हता. अरिनाच्या दारात पिशव्या तपासल्या जात होत्या, आणि त्या तपासणीचा त्याला काहीच अडथळा झाला नाही.

बडोद्यात नवरात्रात एकेका मैदानावर हजारो लोक गरबा खेळतात, गणपतीत दांडिया बाजार आणि मांडवीच्या बाजूला पाय ठेवायला जागा नसते, आणि आता मोठ्या गायकांचे कार्यक्रमही शहरात होऊ लागले आहेत. अशा कार्यक्रमांचा बंदोबस्त आखताना आयोजक सगळा जीव प्रवेशद्वारावर ओततात: पास, मेटल डिटेक्टर, अंगझडती. मँचेस्टरचे प्रकरण नीट वाचले तर कळते की धोका प्रवेशाच्या वेळी जेवढा असतो त्यापेक्षा सुटण्याच्या वेळी जास्त असतो, आणि तो अशा जागेत असतो जिची जबाबदारी दोघातिघांत वाटलेली असते आणि म्हणून प्रत्यक्षात कोणीच उचललेली नसते.

जागा

ज्या दालनात स्फोट झाला त्याला ‘सिटी रूम’ म्हणत. एका बाजूला व्हिक्टोरिया रेल्वे स्टेशन, दुसऱ्या बाजूला अरिनाची दारे, आणि मधे हे मोकळे दालन. कोणीही यावे, बसावे, जावे. अरिना चालवणारी कंपनी वेगळी, तिने नेमलेली सुरक्षा एजन्सी वेगळी, आणि रेल्वेच्या आवारातील बंदोबस्त ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसांकडे. नंतर न्यायमूर्ती सर जॉन साँडर्स यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी झाली. तिच्या अहवालाचा पहिला खंड जून २०२१ मध्ये आला. त्यात या तिघांच्याही कामात गंभीर उणिवा निघाल्या. तपासणीची सीमा सिटी रूमच्या बाहेर ढकलायला हवी होती, हा त्यातला एक महत्त्वाचा निष्कर्ष.

हे फक्त मँचेस्टरचे दुखणे नव्हे. २६ सप्टेंबर १९८० रोजी म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट या बिअरच्या जत्रेत एका अतिउजव्या जर्मन तरुणाने बॉम्ब फोडला, तो मुख्य प्रवेशद्वारापाशी, रात्री लोक घरी निघालेले असताना. त्याच्यासह १३ जण मेले. १३ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसमध्ये बाताक्लाँ सभागृहात घुसून ९० जणांना मारले गेले. त्याच रात्री स्ताद द फ्रान्स मैदानात सुमारे ८० हजार प्रेक्षक होते, पण तिथे आलेल्या तिघा आत्मघाती हल्लेखोरांना आत जाता आले नाही. त्यांनी बाहेरच स्फोट घडवले आणि त्यात एका वाटसरूचा जीव गेला. जुलै २०१६ मध्ये जर्मनीतल्या आन्सबाख गावी एका खुल्या संगीत महोत्सवाच्या फाटकावरून तिकीट नाही म्हणून एकाला परत पाठवले. त्याच्या पाठपिशवीत बॉम्ब होता. तो जवळच्या एका मद्यालयाबाहेर फुटला, १५ जखमी झाले, मेला तो एकटाच. आत अडीच हजार लोक होते. तिकीट बघणाऱ्या त्या माणसाने कसलाही संशय न घेता, फक्त आपले नेमलेले काम न चुकता केले, आणि केवढे अरिष्ट टळले. म्हणून फाटक महत्त्वाचे आहेच. पण फाटक घट्ट केले की धोका फाटकाबाहेरच्या गर्दीकडे सरकतो, हे गृहीत धरूनच पुढची आखणी करायची.

गाण्याचा कार्यक्रमच का?

पहिले कारण सरळ व्यावहारिक आहे. विमानतळ आणि सरकारी इमारती आता कडेकोट झाल्या आहेत. कार्यक्रमाची तारीख, जागा आणि वेळ मात्र महिनोन्महिने आधी जाहीर होते. दौऱ्यातला कार्यक्रम असेल तर शेवटचे गाणे कितीला संपते तेही आधीच्या शहरांवरून कळते. गर्दी दाट असते, अंधार असतो, आवाज असतो, आणि सुटताना सगळे एकाच दिशेने चालतात.

दुसरे कारण प्रसिद्धीचे. जगभर नाव असलेला कलाकार असेल तर बातमी एका रात्रीत सगळीकडे पोचते आणि हल्लेखोराच्या गटाला फुकट व्यासपीठ मिळते. प्रेक्षकांत मुले असतात, त्यामुळे भीती खोल बसते.

तिसरे कारण मात्र अनेकदा हलके समजले जाते, आणि तेच मुळाशी आहे. अतिरेकी विचाराला हे दृश्यच सहन होत नाही: मुली मोकळेपणाने गातात, नाचतात, मुलगे-मुली, वेगवेगळ्या जातिधर्माचे, वेगवेगळ्या आवडीनिवडीचे लोक एकत्र येऊन आनंद करतात. तथाकथित इस्लामिक स्टेटने बाताक्लाँ आणि मँचेस्टर दोन्हींची जबाबदारी घेताना या आनंदालाच पाप ठरवले. मे २०२५ मध्ये रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर लेडी गागाच्या मोफत कार्यक्रमाला वीस लाखांवर लोक जमले. त्यावर हल्ल्याचा कट उधळल्याचे ब्राझीलच्या पोलिसांनी कार्यक्रमानंतर जाहीर केले. त्यातला गट ऑनलाइन पोरांना भरती करत होता आणि समलिंगी समाजाविरुद्ध द्वेष पसरवत होता. धर्म वेगळा, देश वेगळा, राग तोच.

आणि वय बघा. मँचेस्टरचा हल्लेखोर सलमान अबेदी २२ वर्षांचा होता, त्याच शहरात जन्मलेला. ज्या पिढीवर हल्ला होतो, बहुतेक वेळा त्याच पिढीतले पोर हल्ला करते.

शेवटचा तास

अबेदी १८ मे रोजी लिबियातून परतला आणि त्याच संध्याकाळी अरिनाच्या परिसरात पाहणीला गेला. २१ मे रोजी पुन्हा गेला. २२ तारखेच्या संध्याकाळी तिसऱ्यांदा आला, फिरून गेला, आणि शेवटी पाठीवर मोठी जड पिशवी घेऊन सिटी रूमच्या वरच्या मजल्यावरच्या कठड्याजवळ जाऊन बसला. तिथे सीसीटीव्हीचा कॅमेरा पोचत नव्हता. जवळजवळ तासभर तो तिथे होता.

कार्यक्रम संपण्यापूर्वी दालनाची तपासणी व्हायची होती, पण वरचा तो भाग नीट बघितला गेला नाही. प्रेक्षक बाहेर पडण्याच्या वेळी दालनात निदान एक पोलीस हवा होता. १० ते १०:३१ या अर्ध्या तासात एकही नव्हता. त्या संध्याकाळी नेमलेल्या दोघा रेल्वे पोलीस कर्मचाऱ्यांनी ठरलेल्या तासाऐवजी दोन तासांहून जास्त सुट्टी घेतली होती.

आणि तरीही एका माणसाच्या लक्षात आले. मुलीला घ्यायला आलेल्या जोडप्यातल्या गृहस्थाने त्या तरुणाला थेट विचारले, पिशवीत काय आहे, इथे काय करतोस? उत्तर पटले नाही. १०:१४ च्या सुमारास त्याने दारावरच्या रक्षकाला सांगितले. रक्षकाकडे वायरलेस नव्हता आणि दार सोडून जायची परवानगी नव्हती. सहकाऱ्याचे लक्ष वेधून त्याला ही गोष्ट सांगेपर्यंत जवळपास आठ मिनिटे गेली. सहकारी १८ वर्षांचा होता. त्याच्याकडे वायरलेस होता. त्याने कंट्रोल रूमशी बोलायचा प्रयत्न केला, लागले नाही, आणि तो आपल्या पुढच्या नेमणुकीच्या जागी निघून गेला. चौकशीत त्याने सांगितले की काहीतरी विचित्र वाटत होते, पण आपण चुकलो तर वर्णद्वेषी ठरू, अशी भीती वाटली.

या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग हा आहे. यंत्र चुकले नाही, नजर चुकली नाही. एका सामान्य माणसाने ओळखले, योग्य माणसाला सांगितले, आणि १७ मिनिटे हाताशी होती. ती माहिती निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचायला वाटच नव्हती. त्या दोन तरुण रक्षकांवर सगळे खापर फोडणे अन्यायाचे आहे. वायरलेस, पर्यायी माणूस, मोकळी वाहिनी आणि ‘संशय आला तर हे कर’ एवढे स्पष्ट शब्द त्यांना देणे वरच्यांचे काम होते. चौकशीचा निष्कर्ष प्रामाणिक आहे: हटकले असते तरी त्याने बहुधा स्फोट केलाच असता, पण जीवितहानी कमी होण्याची शक्यता फार मोठी होती.

त्याआधीचे धागे

कट थांबतात ते बहुतेक वेळा मैदानापासून फार दूर, आणि फार आधी. इथे एमआय-५ या ब्रिटनच्या गुप्तचर संस्थेकडे अबेदीचे नाव नवे नव्हते. २०१४ मध्ये त्याची नोंद उघडून त्याच वर्षी बंद केली होती. दहशतवादाच्या गुन्ह्यातल्या एका कैद्याला तो तुरुंगात भेटायला जात असे. हल्ल्याआधीच्या महिन्यांत त्याच्याबद्दल दोन माहित्या आल्या, त्यांचे वजन तेव्हा कळले नाही. बंद नोंदींपैकी कोणाकडे पुन्हा बघायला हवे याची एक छाननी चालू होती. तिच्यात त्याचे नाव वर आले होते आणि त्यावर विचार करण्यासाठी बैठक ठरली होती ३१ मे रोजी. हल्ला नऊ दिवस आधी झाला. मार्च २०२३ मधल्या तिसऱ्या खंडात चौकशीने म्हटले की एक महत्त्वाची संधी हुकली. योग्य वेळी हालचाल झाली असती तर परतल्यावर तो ज्या गाडीकडे गेला, जिच्यात स्फोटकांचे सामान होते, तिथपर्यंत माग लागू शकला असता. एमआय-५ च्या प्रमुखांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. हल्ल्याच्या तयारीत साथ देणारा भाऊ हाशेम अबेदी २०२० मध्ये २२ खुनांसाठी दोषी ठरला आणि त्याला किमान ५५ वर्षांची शिक्षा झाली.

याउलट व्हिएन्ना. ऑगस्ट २०२४ मध्ये टेलर स्विफ्टचे तीन कार्यक्रम एर्न्स्ट हॅपल मैदानात व्हायचे होते. रोज सुमारे ६५ हजार प्रेक्षक आत, आणि तिकीट नसलेले आणखी हजारो बाहेर उभे राहून ऐकणार होते. कट बाहेरच्यांवर होता. मुख्य संशयित १९ वर्षांचा, इंटरनेटवरून इस्लामिक स्टेटच्या नादी लागलेला. परदेशी गुप्तचरांकडून माहिती आली, ती अमेरिकेने दिल्याचे सीआयएच्या उपसंचालकांनी नंतर जाहीर सांगितले. पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, ७ ऑगस्टला, त्याला पकडले. घरात रसायने सापडली. ताब्यात घेतलेल्या दुसऱ्या १७ वर्षांच्या मुलाला काही दिवसांपूर्वीच मैदानावर सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीत काम मिळाले होते. तिन्ही कार्यक्रम रद्द झाले. जवळजवळ दोन लाख चाहते हिरमुसले, पण सगळे घरी पोचले.

माहिती मिळणे आणि तिच्यावर पाऊल उचलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ७ मार्च २०२४ रोजी मॉस्कोतील अमेरिकी दूतावासाने गाण्याच्या कार्यक्रमांसह गर्दीच्या जागांवर हल्ल्याचा जाहीर इशारा दिला होता. २२ मार्चला क्रोकस सिटी हॉलमध्ये १४० हून अधिक माणसे मारली गेली.

स्थानिक आयोजकाला गुप्तचरांचे काम करता येत नाही. पण या साखळीतल्या दोन कड्या त्याच्या हातात असतात. एक, ऐन वेळी भरती केलेले कामगार: जनरेटरवाले, स्टॉलवाले, सफाईवाले, मांडव घालणारे. प्रत्येकाचे ओळखपत्र ठेकेदाराकडून आठवडाभर आधी घ्या, फोटोचा पास द्या, आणि शेवटच्या दोन दिवसांत बदललेली नावे वेगळी काढून पोलीस ठाण्याला कळवा. दोन, पाहणी करणारा माणूस. कार्यक्रमाच्या आधीच्या दिवसांत कोणी फाटकांचे, कॅमेऱ्यांचे, रक्षकांच्या पाळ्यांचे फोटो काढतो, विचारले तर गोंधळतो, पुन्हा दिसतो. अबेदी तीनदा आला होता. मैदानाच्या चौकीदाराला अशी नोंद करायला एक वही आणि कळवायला एक फोन नंबर द्यावा लागतो, तोही मांडवाचा पहिला खांब उभा राहतो त्या दिवसापासून.

स्फोटानंतर

दुसरा खंड, नोव्हेंबर २०२२ चा, वाचताना अंगावर काटा येतो. रेल्वे पोलीस काही मिनिटांतच दालनात धावले. पहिला पॅरामेडिक १०:५० च्या सुमारास आत पोचला. आणखी दोघे त्यानंतर सुमारे २५ मिनिटांनी. त्या रात्री दालनात उपचाराला गेलेले पॅरामेडिक एवढेच: तीन. अग्निशमन दल दोन तासांहून अधिक उशिरा आले. बंदूकधारी असल्याच्या शंकेने त्यांच्या गाड्या काही मैल दूरच्या केंद्रावर थांबवून ठेवल्या होत्या. पोलिसांच्या कंट्रोल रूममधल्या एकाच अधिकाऱ्यावर इतके फोन आणि इतके निर्णय येऊन आदळले की त्याने जाहीर केलेली आणीबाणी रुग्णवाहिका आणि अग्निशमनला कळलीच नाही. स्ट्रेचर नव्हते. जखमींना जाहिरातीचे फलक, लोखंडी कठडे, टेबले यांवर घालून जिना उतरवला.

एका जखमी तरुणाच्या पायातून रक्त वाहत होते. जवळच्या एका अनोळखी माणसाने बायकोच्या कमरेचा पट्टा आवळून बांधला आणि जवळजवळ तासभर धरून ठेवला. तो तरुण वाचला नाही. वेळेत उपचार मिळाले असते तर तो बहुधा वाचला असता, असे चौकशीने लिहिले. वाहत्या धमनीला तीन ते पाच मिनिटे पुरतात, आणि त्या वेळात जो शेजारी उभा आहे तोच डॉक्टर असतो.

सर्वांत बोचणारी गोष्ट ही की, एका वर्षापूर्वी, मे २०१६ मध्ये, त्याच शहरालगतच्या ट्रॅफर्ड सेंटर या मॉलमध्ये अशाच हल्ल्याचा मोठा सराव झाला होता. कंट्रोल रूममध्ये त्या पदावरच्या एकट्या अधिकाऱ्यावर पेलवणार नाही इतका भार येतो, हे त्या सरावातच दिसले होते.

बडोद्याच्या मैदानावर

आता आपल्याकडचे. समजा एक गरब्याचे मैदान आहे, २० हजार लोक, रात्री बाराला संपते. नकाशा घ्या आणि सीमा फाटकावर थांबवू नका. माणूस गाडीत बसेपर्यंतचा सगळा पट्टा रंगवा: फाटक, रस्त्याची कड, खाण्याच्या गाड्या, दुचाकींचे पार्किंग, रिक्षा मिळते ती जागा. प्रत्येक तुकड्यावर एका माणसाचे नाव आणि मोबाईल लिहा. रस्ता महापालिकेचा आहे, पार्किंग ठेकेदाराचे आहे, बंदोबस्त पोलिसांचा आहे, हे उत्तर चालणार नाही. शेवटच्या आरतीच्या ४५ मिनिटे आधीपासून शेवटचा माणूस जाईपर्यंत त्या तुकड्यात कोण उभा असेल, ते पोलीस निरीक्षकांबरोबर बसून ठरवा आणि कागदावर सही घ्या. बाराच्या आत जेवून घ्यायची घाई बहुतेक रक्षकांना साडेअकरालाच होते. जेवणाच्या पाळ्या दहाच्या आत उरकायच्या हा नियम छोटा वाटतो, पण मँचेस्टरच्या त्या अर्ध्या तासाशी त्याचा थेट संबंध आहे.

कार्यक्रम संपण्याच्या तासभर आधी एक आणि अर्धा तास आधी दुसरी तपासणी फेरी. दोघे मिळून जातील, टॉर्च घेऊन, जनरेटरच्या मागे, स्वच्छतागृहांत, मंचाखाली, खुर्च्यांच्या ढिगामागे. फेरी झाली की वेळ लिहून दोघांची सही. कॅमेऱ्यांसाठी सोपी चाचणी आहे: एक कार्यकर्ता सगळ्या पट्ट्यातून चालत जातो, दुसरा पडद्यावर बघतो आणि तो जिथे दिसेनासा होतो तिथे फोनवरून थांबवतो. त्या जागी खडूची खूण करा. मग तिथे कॅमेरा वळवा, नाहीतर दिवा लावा, नाहीतर माणूस उभा करा.

बेवारस पिशवीचा प्रश्न गरब्यात वेगळाच आहे. लोक अनवाणी खेळतात. चपलांचे ढीग, पाण्याच्या बाटल्या, चनियाचोळीवर येताना घातलेले कपडे कोंबलेल्या पिशव्या मैदानाच्या कडेला आणि वर्तुळाच्या मधोमध शेकड्याने पडलेल्या असतात. प्रत्येक पिशवीवर शिट्टी फुंकली तर तासाभरात कोणी लक्ष देणार नाही. ब्रिटिश रेल्वेवर वापरतात ते तीन प्रश्न इथे उपयोगी पडतात. ती मुद्दाम लपवलेली आहे का? उघडपणे संशयास्पद आहे का, वायर, टेप, विचित्र वास? या जागी नेहमी दिसते तशी आहे का? कपड्यांची पिशवी चपलांच्या ढिगाजवळ नेहमीची. तीच पिशवी कचऱ्याच्या डब्यामागे ढकललेली असेल तर नव्हे. संशय पक्का झाला तर हात लावायचा नाही, उचलून बाजूला न्यायची नाही, लोकांना दूर करायचे आणि पोलिसांना कळवायचे. त्याहून चांगला उपाय म्हणजे पिशव्या ठेवायला टोकन देणारे काउंटर. मग मैदानात उरतात त्याच बघाव्या लागतात.

माणूस बघताना मात्र वागणूक बघायची. गरब्याच्या फाटकावर नाव, दाढी किंवा टिळा बघून लोकांना अडवणे ही सुरक्षा नव्हे. त्याने तपासणाऱ्याची नजर भलतीकडे लागते, शेजाऱ्याचा अपमान होतो, आणि म्युनिकच्या त्या तरुणासारखा माणूस निर्धास्त आत जातो. बघायचे ते हे: गर्दीच्या उलट दिशेने एका जागी बराच वेळ बसलेला, ऋतूला न शोभणारे जाड कपडे, पिशवी अंगापासून सोडत नाही, रक्षक आला की जागा बदलतो. मग जवळ जाऊन मोकळेपणाने बोलायचे. ‘दादा, कोणाची वाट बघताय? काही मदत करू?’ शंभरातले नव्व्याण्णव आनंदाने उत्तर देतात, बहीण आत आहे, रिक्षा मिळत नाही. उत्तर टाळले, विसंगत आले किंवा माणूस बिथरला तर वाद घालायचा नाही, मागे सरायचे आणि कळवायचे. वागणुकीवरून हटकायला शिकवलेल्या कार्यकर्त्याला ‘आपण पक्षपाती ठरू’ ही भीती राहत नाही.

आणि कळवायचे कसे, हा मँचेस्टरचा खरा धडा. वायरलेसची एक वाहिनी फक्त तातडीच्या निरोपासाठी मोकळी ठेवा. पार्किंग भरले, पाणी संपले, हे बोलणे त्यावर नाही. संकेतशब्द एकच, आणि रोजच्या बोलण्यात न येणारा. कंट्रोल रूमने १५ सेकंदांत उत्तर द्यायचे. नाही आले तर दुसरा प्रयत्न, मग मोबाईल, मग धावणारा माणूस. ज्याच्याकडे वायरलेस नाही असा रक्षक एकही ठेवू नका. तेवढे संच भाड्याने परवडत नसतील तर दोघांत एक द्या आणि दोघांना एकमेकांच्या नजरेत उभे करा. कंट्रोल रूममध्ये थांबवण्याचा निर्णय घेणारी व्यक्ती बसलेली हवी, मंचावर पाहुण्यांचे स्वागत करणारी नव्हे. कार्यक्रमाआधी एकदा खोटा निरोप पाठवून घड्याळ लावा. निरोप पहिल्या माणसाकडून निर्णयापर्यंत मिनिटभरात पोचला नाही तर रचना चुकली आहे, माणसे नाहीत.

बाहेर पडणे

ब्रिटनच्या क्रीडांगणांसाठीच्या मार्गदर्शिकेत सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसे जातात असे धरतात. पाच मीटरची चार फाटके असतील तर २० हजार लोक साधारण १२ मिनिटांत बाहेर येतात. प्रत्यक्षात एक फाटक पाहुण्यांसाठी म्हणून बंद असते, उरलेल्या तिघांत दुचाक्या, फुगेवाला आणि दोरखंड यांमुळे प्रत्येकी तीन मीटरच वाट उरते. हिशेब करा: २७ मिनिटे. एवढा वेळ दाटीने उभी असलेली गर्दी हल्लेखोराला हवीच असते, आणि हल्ला झालाच नाही तरी ती स्वतःच धोका आहे. ३ जून २०१७ रोजी तुरिनच्या पियात्सा सान कार्लोमध्ये पडद्यावर फुटबॉल बघणाऱ्या गर्दीत मिरचीच्या फवाऱ्यामुळे घबराट उडाली. कोणीही अतिरेकी नव्हता, तरी दीड हजारांवर माणसे जखमी झाली, काहींचा पुढे मृत्यू झाला. म्हणून शेवटच्या गाण्याआधी फाटके पूर्ण उघडा, दिवे लावा, आणि घोषणेची ध्वनिफीत गुजराती, हिंदी आणि मराठीत आधीच तयार ठेवा. शांत आवाजात, कोणत्या फाटकाने जायचे ते सांगणारी. ‘घाबरू नका’ ने सुरू होणारी नव्हे.

गाडी गर्दीत घुसू नये यासाठी पत्र्याचे बॅरिकेड पुरत नाहीत. वाळूने भरलेले डंपर किंवा वजनदार काँक्रीटचे ठोकळे आडवे ठेवा, आणि त्यांच्या मधून रुग्णवाहिका जाईल एवढी एक वाट राखून तिथे चालकासह एक गाडी आडवी लावा. ती हलवता आली पाहिजे.

उपचारासाठी दर हजारामागे निदान दोन टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाभोवती आवळायचे पट्टे) आणि रक्त थोपवणाऱ्या पट्ट्या, कपाटात बंद नव्हे तर मंचापाशी आणि प्रत्येक फाटकावर लटकवलेल्या लाल पिशवीत. घडीचे स्ट्रेचर निदान दहा. कार्यकर्त्यांना टूर्निकेट बांधायला शिकवायला अर्धा तास पुरतो: जखमेच्या वर, सांधा सोडून, रक्त थांबेपर्यंत आवळा, वेळ लिहा, सोडू नका. ११२ आणि १०८ ला फोन करणारा माणूस आधी नेमलेला, तो सांगेल ठिकाण, काय झाले, अंदाजे किती जखमी, कोणत्या फाटकाने गाडी आणायची.

जखमींना वाटून कुठे न्यायचे तेही आधीच ठरवा. सगळ्यांनी सयाजी रुग्णालयाच्या दारात गर्दी करणे धोक्याचे आहे, आणि हे गुजरातने सोसले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत शहरभर स्फोट झाल्यावर जखमी आणि नातेवाईक जिथे जमले, त्या सिव्हिल आणि एल. जी. रुग्णालयांतही स्फोट घडवले गेले. त्या दिवशीच्या सगळ्या स्फोटांत मिळून ५६ जणांचा बळी गेला. त्यामुळे जखमी उतरवण्याची जागा मोकळी ठेवायला आणि उभ्या गाड्या बघायला रुग्णालयाच्या दारातही बंदोबस्त लागतो. त्याची विनंती कार्यक्रमाच्या परवान्याच्या अर्जातच लिहावी.

ब्रिटनमध्ये या प्रकरणात मुलगा गमावलेल्या फिगेन मरे यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्यातून ३ एप्रिल २०२५ रोजी कायदा झाला. त्यांच्या मुलाच्या नावावरून त्याला ‘मार्टिन्स लॉ’ म्हणतात. २०० किंवा त्याहून जास्त लोक जमू शकतील अशा जागेने हल्ल्याच्या वेळी काय करायचे याची पद्धत ठरवायची, ८०० किंवा त्याहून जास्त असतील तर धोका कमी करण्याचे प्रत्यक्ष उपायही करायचे. अंमलासाठी किमान दोन वर्षांची मुदत ठेवली आहे. बडोद्यातल्या मध्यम गरब्यालाही, मोठ्या गणेश मंडळालाही हे आकडे लागू पडतील एवढी गर्दी रोज असते. इथे कायद्याची वाट न बघता तीच पद्धत लिहून काढता येते.

सराव कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी घ्या, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहील. टेबलाभोवती आयोजक, सुरक्षा एजन्सी, पोलीस, अग्निशमन, १०८ चा प्रतिनिधी आणि दोन-तीन कार्यकर्ते बसवा, आणि एकच प्रसंग मांडा: ११:४०, एका आजोबांनी फाटक क्रमांक दोनवरच्या मुलीला सांगितले की पार्किंगच्या कोपऱ्यात एक जण बराच वेळ बसला आहे. पुढे कोण काय करतो ते मिनिटागणिक लिहा. जिथे उत्तर अडले ती प्रत्येक जागा, ती दुरुस्त करणाऱ्याचे नाव आणि तारीख, हा कागद पोलीस ठाण्यात आणि आयोजकाच्या कार्यालयात दोन्हीकडे लावा. फाटके उघडण्याआधी तो कागद हातात घेऊन मैदानावर पुन्हा एक फेरी मारा, आणि जी ओळ खोडलेली नसेल तिथे स्वतः जाऊन बघा.